आधी सुई, मग स्टिरॉइड : मेंदूतल्या लिम्फोमाविषयी

मेंदूत गाठ दिसली, भोवती सूज दिसली, की डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू करायचं, ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की त्यावर कुणी वेगळा विचार करत नाही. बहुतेक गाठींच्या बाबतीत ती चालूनही जाते. डोकेदुखी उतरते, उलट्या थांबतात, लुळा पडू लागलेला हात थोडा हलू लागतो आणि ऑपरेशनची तारीख शांतपणे ठरवता येते. एका आजारात मात्र हेच इंजेक्शन निदानाचा पुरावा पुसून टाकतं. तो आजार म्हणजे मेंदूतच उगम पावणारा लिम्फोमा, लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग.

लिम्फोमा म्हटलं की मानेतल्या, काखेतल्या गाठी डोळ्यांसमोर येतात. इथे त्यातलं काही नसतं. आजार मेंदू, मज्जारज्जू, मेंदूची आवरणं आणि डोळ्याचा आतला भाग एवढ्यापुरताच राहतो. ताप, वजन घटणं, रात्री दरदरून घाम येणं ही लिम्फोमाची ओळखीची लक्षणंही सहसा नसतात. मेंदूतल्या प्राथमिक गाठींमध्ये याचा वाटा जेमतेम २ ते ४ टक्के. दहात नऊहून अधिक वेळा सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो तो ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल’ प्रकार, म्हणजे मोठ्या आकाराच्या, भराभर वाढणाऱ्या बी पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार). पेशी किती वेगाने वाढताहेत हे सांगणारा केआय-६७ चा आकडा ८०-९० टक्क्यांच्या घरात असणं नेहमीचं. म्हणून लक्षणं वर्षभर रेंगाळत नाहीत, काही आठवड्यांत चित्र पालटतं.

वय बहुधा साठीच्या आसपासचं किंवा पुढचं. एका बाजूचा हात-पाय कमजोर होणं, बोलणं अडखळणं ही तक्रार सर्वांत जास्त, पण जवळपास चाळीस टक्के रुग्णांमध्ये स्वभाव आणि स्मरणशक्ती यांत फरक पडलेला असतो. माणूस गप्प होतो, साधा हिशेब चुकतो, जेवलो की नाही हे विसरतो. घरचे त्याला ‘रिटायरमेंटनंतर असं होतंच’ म्हणून सोडून देतात आणि तीन-चार आठवडे तिथेच जातात. आकडी तुलनेने कमी वेळा येते, कारण ही गाठ मेंदूच्या बाहेरच्या थरापेक्षा आतल्या, पोकळ्यांलगतच्या भागात बसायला बघते.

एमआरआय बऱ्यापैकी बोलका असतो. पेशी दाटीवाटीने भरलेल्या असल्यामुळे पाण्याच्या रेणूंना हलायला जागा नसते, म्हणून डिफ्यूजनच्या चित्रात गाठ ठळक चमकते. काँट्रास्ट दिल्यावर ती अख्खी, सगळीकडे सारखी उजळते. ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा दुसरा एक जहाल कर्करोग) मधोमध कुजतो, त्यामुळे तो कडेने उजळतो आणि मध्ये काळा राहतो. शिवाय त्यात नव्या रक्तवाहिन्यांची गर्दी असते, लिम्फोमात ती कमी. दोन्ही अर्धगोलांना जोडणाऱ्या कॉर्पस कॅलोसममधून दोन्हीकडे पसरलेली ‘फुलपाखरा’सारखी गाठ दोघांतही दिसू शकते. एचआयव्ही असलेल्या रुग्णात हे नियम बिघडतात. तिथे लिम्फोमाही कडेने उजळणाऱ्या कड्यासारखा दिसतो आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाशी त्याची गल्लत होते.

आता स्टिरॉइडकडे येऊ. डेक्सामेथासोन इतर गाठींभोवतीची सूज उतरवतं. लिम्फोमाच्या पेशी मात्र मुळात लिम्फोसाइट आहेत आणि लिम्फोसाइटला स्टिरॉइड थेट मारतं. एक-दोन दिवसांत पेशंट सुधारतो, काही दिवसांत गाठ आक्रसते, कधी एमआरआयवरून चक्क नाहीशी होते. त्यानंतर बायोप्सी घेतली तर हाती लागतात मेलेल्या पेशी, भक्षक पेशी आणि काही निरुपद्रवी टी पेशी. पॅथॉलॉजिस्ट ‘दाहसदृश बदल, निश्चित निदान शक्य नाही’ असं लिहितो आणि त्यात त्याची चूक नसते.

आपल्याकडे या सापळ्याला आणखी एक दार आहे, टीबीचं. मेंदूत गाठ, भोवती सूज, म्हणजे ट्यूबरक्युलोमा (टीबीची गाठ) असणार, असं धरून एकेटी (टीबीची औषधं) आणि सोबत डेक्सामेथासोन सुरू होतं. दोन आठवड्यांत पेशंट चालायला लागतो. सगळ्यांना वाटतं, एकेटी लागू पडलं. सहा-आठ आठवड्यांनी स्टिरॉइड उतरवत आणलं की गाठ परत येते, कधी दुसऱ्याच जागी. टीबीच्या उपचारात सुरुवातीला गाठ वाढल्यासारखी दिसू शकते हे खरंच आहे, म्हणून तिला ‘पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन’ म्हणून पुन्हा स्टिरॉइड वाढवलं जातं. असे तीन-चार महिने निघून जातात. माझ्या मते एक खूणगाठ बांधून ठेवावी. स्टिरॉइडने सुधारणा झाली म्हणजे निदान झालं असं नाही. टीबी, सार्कॉइड (दाहाचा एक आजार), गाठीसारखं दिसणारं डिमायलिनेशन (मज्जातंतूंचं आवरण झिजणं) आणि लिम्फोमा, चौघेही स्टिरॉइडला प्रतिसाद देतात.

मेंदूवरचा दाब जीवघेणा झाला असेल, पेशंट बेशुद्धीकडे चालला असेल, तर स्टिरॉइड द्यावंच लागतं, तिथे वाद नाही. पण तेवढी वेळ आली नसेल तर मॅनिटॉल किंवा तीव्र सलाईनवर एक-दोन दिवस काढता येतात, आणि तेवढ्या वेळात बायोप्सी बसवता येते. स्टिरॉइड आधीच गेलं असेल तर? तरीही बायोप्सी सरसकट रद्द करू नये. ताजा एमआरआय करावा, गाठ अजून उजळत असेल तर सुई घालावी. गाठ विरून गेली असेल तर स्टिरॉइड उतरवून बंद करायचं, दर दोन-चार आठवड्यांनी एमआरआय करायचा आणि ती पुन्हा डोकं वर काढताच सुई घालायची. नातेवाइकांना हे पटवणं अवघड जातं, कारण बरं वाटत असलेल्या माणसाचं औषध काढून घ्यायचं असतं.

बायोप्सी म्हणजे कवटीला छोटं छिद्र पाडून, संगणकाने मोजलेल्या कोनातून आत घातलेली सुई. ‘अख्खी गाठच काढून टाका की’ असा आग्रह घरून होतो. या आजारात त्याचा उपयोग नाही, कारण दिसणाऱ्या गाठीच्या पलीकडे पेशी रक्तवाहिन्यांभोवती बांगड्यांसारख्या पसरलेल्या असतात. खोल भागातली गाठ खरवडून काढताना नुकसान मात्र पक्कं. सुईचं टोक उजळणाऱ्या भागात गेलं पाहिजे, आणि टेबलावरच एक तुकडा काचेवर दाबून पाहून ‘लिम्फोमासारख्या पेशी आल्या’ हे कळल्याशिवाय छिद्र बंद करू नये. उरलेले तुकडे १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये. पुढे पेशींची ओळख पटवण्यासाठी सीडी२०, सीडी३, सीडी१०, बीसीएल६, एमयूएम१, केआय-६७ आणि ईबी (एप्स्टीन-बार) विषाणूसाठी ईबर, एवढे रंग तरी व्हायला हवेत.

निदान झालं की बाकीचं अंग खरंच स्वच्छ आहे का हे बघायचं. पेट-सीटी, पुरुषांमध्ये अंडकोषाची सोनोग्राफी (तिथला लिम्फोमा मेंदूत जाण्यात पटाईत असतो), स्लिट लॅम्पखाली डोळे, आणि दाबाचा धोका नसेल तर पाठीतलं पाणी. ते किमान १० मिली काढावं, पेशीतपासणी आणि फ्लो सायटोमेट्री दोन्हींसाठी, आणि लगेच लॅबला पोचवावं. रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या नमुन्यात पेशी फुटून जातात. एचआयव्ही, एचबीएसएजी आणि त्यासोबत हिपॅटायटिस बीची अँटी-एचबीसी चाचणी विसरू नये. जुनी, झोपलेली कावीळ रिटुक्सिमॅब या बी पेशी मारणाऱ्या औषधानंतर जागी होऊन यकृत निकामी करू शकते. चाचणी आधी झाली असेल तर एन्टेकॅव्हिरची रोजची गोळी ते टाळते.

अंगातल्या मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमाला आर-चॉप ही जगभरची रुळलेली केमो. मग तीच मेंदूत का चालत नाही? रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत. डॉक्सोरुबिसिन तिच्यापलीकडे पुरेसं पोचत नाही, व्हिन्क्रिस्टिनचीही तीच गत. केवळ रेडिएशन दिलं तर गाठ झरझर विरघळते आणि साधारण वर्षभरात परत येते. चित्र बदललं ते मेथोट्रेक्सेटमुळे. औषध १९४० च्या दशकातलं, लेडर्ले प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या गटाने बनवलेलं. संधिवातासाठी आठवड्याला १५ मिलिग्रॅम घेणारे लोक आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतील. मेंदूतल्या लिम्फोमासाठी शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ३.५ ग्रॅम लागतं, तेही २ ते ४ तासांत. २४ तास थेंबथेंब सोडलं तर रक्तातली पातळी पुरेशी चढत नाही. भिंतीवर एकदम धक्का द्यावा लागतो.

इथून पुढे सगळा खेळ पाण्याचा आणि घड्याळाचा आहे, म्हणून एक हिशेब करून दाखवतो. वय ६६, स्त्री, उंची १५० सेंमी, वजन ५२ किलो, किडनीच्या कामाचा अंदाज देणारं रक्तातलं क्रिएटिनिन ०.९. शरीराचं क्षेत्रफळ काढायचं तर उंची गुणिले वजन भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. उत्तर १.४७ चौरस मीटर. पूर्ण डोस ५.१५ ग्रॅम, म्हणजे संधिवाताच्या डोसच्या तीनशेहून अधिक पट. क्रिएटिनिन ०.९ पाहून ‘किडनी नॉर्मल’ म्हणण्याचा मोह होतो. पण १४० मधून वय वजा, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, आणि स्त्री असल्यामुळे गुणिले ०.८५ केलं की किडनीची गाळण्याची क्षमता येते मिनिटाला जेमतेम ५० मिली. स्नायू कमी असलेल्या म्हातारपणी क्रिएटिनिन असंच फसवतं. मेथोट्रेक्सेटचा ९० टक्क्यांच्या आसपास भाग लघवीवाटेच बाहेर जातो, म्हणून ६० च्या खाली बहुतेक केंद्रं डोस कमी करतात आणि ३० च्या खाली देतच नाहीत. या बाईंचा डोस पाव भागाने कमी केला तर दर चौरस मीटरला २.६ ग्रॅम उरतं, आणि मेंदूत शिरायला साधारण ३ ग्रॅम लागतं. किडनी की मेंदू, अशी ती ओढाताण आहे, आणि ती कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा.

हे औषध आम्लधर्मी लघवीत विरघळत नाही, नळ्यांमध्ये त्याचे स्फटिक बसतात आणि किडनी तुंबते. किडनी तुंबली की औषध अंगातच राहतं, राहिलेलं औषध किडनी आणखी बिघडवतं. लघवीचा पीएच ६ वरून ७ वर नेला तर विद्राव्यता ५ ते ८ पट वाढते. म्हणून औषधाच्या आधी किमान ४ ते १२ तास सलाईन, दिवसाला दर चौरस मीटरला ३ लिटर या हिशेबाने, आणि त्यात सोडाबायकार्ब. या बाईंना २४ तासांत सुमारे ४.४ लिटर. ७.५ टक्के सोडाबायकार्बच्या २५ मिलीच्या एका अँप्युलमध्ये साधारण २२ मिलिइक्विव्हॅलंट असतं. लिटरमागे दोन अँप्युल टाकले की ४५ च्या आसपास मिळतं, म्हणजे दिवसाला नऊएक अँप्युल. हे ५ टक्के डेक्स्ट्रोज किंवा निम्म्या ताकदीच्या सलाईनमध्ये मिसळावं. नॉर्मल सलाईनमध्ये टाकलं तर सोडियमचा भार फार वाढतो, आणि रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमसोबत त्याचा साका बसतो.

लघवीचा पीएच ७ किंवा वर आणि धार तासाला दर चौरस मीटरला १०० मिली (इथे सुमारे १५० मिली) होईपर्यंत मेथोट्रेक्सेटची बाटली लावायची नाही, मग फार्मसीतून औषध तयार होऊन आलेलं असो वा नसो. त्यानंतर प्रत्येक वेळच्या लघवीत पट्टी बुडवून पीएच लिहायचा. हे काम नातेवाइकाला शिकवलेलं सर्वांत चांगलं, रात्री तीन वाजता तोच जागा असतो. दिवसातून दोनदा वजन करावं. दीड-दोन किलो वाढलं तर पाणी आत साठतंय आणि लघवी उतरवणारं इंजेक्शन लागेल. सोडाबायकार्बने पोटॅशियम घसरतं, ते रोज तपासायचं.

मेथोट्रेक्सेट अंगातच अडवून ठेवणाऱ्या गोष्टींची यादी केस पेपरच्या पहिल्याच पानावर हवी. वेदनाशामक गोळ्या, म्हणजे डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन. पँटोप्राझोल-ओमेप्राझोल, जी आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर पहिल्या ओळीत असतात. सेप्ट्रान, पिपरॅसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक. सगळ्यांत अडचणीचं सेप्ट्रान, कारण न्यूमोसिस्टिस या फुप्फुसाच्या संसर्गापासून बचावासाठी या रुग्णांना ते द्यावंही लागतं. मेथोट्रेक्सेटच्या आधी ते थांबवून पातळी उतरल्यावरच पुन्हा सुरू करायचं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या नकोत. कोलामुळे मेथोट्रेक्सेट अंगात रेंगाळल्याची नोंदही वैद्यकीय साहित्यात आहे, तेव्हा भेटायला येणाऱ्यांनी बाटली आणू नये. छातीत किंवा पोटात पाणी साठलं असेल तर ते आधी काढावं. त्या डबक्यात औषध शिरून बसतं आणि मग दिवसेंदिवस झिरपत राहतं.

बाटली सुरू झाल्यापासून २४ तासांनी ल्युकोव्होरिन हा मेथोट्रेक्सेटचा उतारा, दर ६ तासांनी, दर चौरस मीटरला १५ मिलिग्रॅम. ‘बाटली सुरू झाल्यापासून’ हे शब्द ठळक लिहून ठेवावेत. संपल्यापासून मोजणारे चार तास उशीर करतात. ल्युकोव्होरिन म्हणजे फोलिनिक अ‍ॅसिड. नावातल्या साम्यामुळे मेडिकलमधून ५ मिलिग्रॅमची फोलिक अ‍ॅसिडची गोळी हाती पडते आणि ही चूक महागात जाते. फोलिक अ‍ॅसिड वापरण्याजोगं करायला जे एन्झाइम लागतं तेच मेथोट्रेक्सेटने बंद पाडलेलं असतं. ल्युकोव्होरिन त्या टप्प्याला वळसा घालून पेशीपर्यंत पोचतं. एका वेळी २५ मिलिग्रॅमच्या वर तोंडाने नीट शोषलं जात नाही, म्हणून जास्त डोस शिरेतूनच. त्यातही कॅल्शियम असतं, त्यामुळे सोडाबायकार्बच्या नळीतून नाही.

रक्तातली पातळी २४, ४८ आणि ७२ तासांना. ढोबळ हद्द अशी : २४ तासांना लिटरमागे १० मायक्रोमोलच्या खाली, ४८ ला १ च्या खाली, ७२ ला ०.१ च्या खाली. नमुना ज्या नळीतून औषध गेलं तिथून कधीही काढू नये, नळीच्या भिंतीला चिकटलेलं औषध आकडा खोटा चढवतं. दुसऱ्या हाताची शीर घ्यावी. रिपोर्ट त्याच दिवशी मिळणार नसेल तर ही केमो त्या ठिकाणी देऊ नये, इतकं सरळ मत आहे माझं.

पातळी उतरेना आणि क्रिएटिनिन पहिल्या दिवसाच्या दीडपट झालं, तर पाणी वाढवायचं आणि ल्युकोव्होरिन आकड्यानुसार दर चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही वर न्यायचं. यावरचं खास औषध ग्लुकार्पिडेझ. अमेरिकेत त्याला जानेवारी २०१२ मध्ये मान्यता मिळाली. किलोमागे ५० युनिट, एकदाच. रक्तातलं मेथोट्रेक्सेट ते कापून टाकतं, पंधरा मिनिटांत ९७ टक्क्यांहून अधिक. पेशींच्या आत शिरलेल्याला मात्र हात लावत नाही, म्हणून ल्युकोव्होरिन चालूच ठेवायचं, फक्त दोघांमध्ये २ तासांचं अंतर, कारण ते ल्युकोव्होरिनही कापतं. पुढचे ४८ तास नेहमीच्या इम्युनोअ‍ॅसेची पातळी विश्वासाची नसते, कापलेला तुकडाही तिला मेथोट्रेक्सेटच वाटतो. किंमत अफाट आणि भारतात सहज मिळत नाही. मग हाय-फ्लक्स डायलिसिस उरतं, त्यानंतर पातळी पुन्हा उसळी मारते आणि डायलिसिस परत करावं लागतं. नऊ अँप्युल सोडाबायकार्ब यापुढे फुकटच म्हणायचं.

एकट्या मेथोट्रेक्सेटने भागत नाही हे २००९ मध्ये दिसलं. आंतरराष्ट्रीय गटाच्या आयईएलएसजी२० चाचणीत त्याच्या जोडीला मोठ्या डोसमधलं सायटाराबिन हे केमोचं दुसरं औषध दिल्यावर गाठ पूर्ण जाण्याचं प्रमाण १८ वरून ४६ टक्क्यांवर गेलं. पुढच्या आयईएलएसजी३२ मध्ये तीन गट होते. मेथोट्रेक्सेट-सायटाराबिनला २३ टक्के, त्यात रिटुक्सिमॅब घालून ३०, आणि थायोटेपा हे केमोचं आणखी एक औषधही घालून ४९. या चौकडीचं नाव मॅट्रिक्स. सात वर्षांनी त्या तिसऱ्या गटातले ५६ टक्के रुग्ण हयात होते, पहिल्यातले २१. मेथोट्रेक्सेट पहिल्या दिवशी, सायटाराबिन दर चौरस मीटरला २ ग्रॅम दिवसातून दोनदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, थायोटेपा ३० मिलिग्रॅम चौथ्या दिवशी, असं दर तीन आठवड्यांनी चार वेळा. हे सोपं नाही. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तळाला जातात, संसर्ग होतात, आणि मूळ चाचणीत उपचारांमुळेच सुमारे ६ टक्के दगावले. अशक्त रुग्णात पहिली फेरी पाव भागाने कमी करून देणं शहाणपणाचं. रिटुक्सिमॅबबद्दल दुमत आहे. सुमारे २०० रुग्णांच्या हॉव्हन १०५ चाचणीत त्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही, तरी बहुतेक ठिकाणी ते दिलं जातं.

गाठ गेली तरी उपचार तिथे थांबत नाहीत. पूर्वी सगळ्या मेंदूला रेडिएशन देत, ४५ ग्रेच्या आसपास. साठीपुढच्यांमध्ये त्याची किंमत दोन-तीन वर्षांनी कळते, स्मृती जाते, चाल लडखडते, लघवीवरचा ताबा सुटतो. २०१० मध्ये ५५१ रुग्णांच्या जर्मन चाचणीने दाखवलं की रेडिएशन वगळल्याने आयुष्य कमी होत नाही, आजार मात्र लवकर डोकं वर काढतो. त्या जागी आता स्वतःच्या मूळपेशी गोठवून ठेवायच्या, जबर केमो द्यायची आणि त्या परत सोडायच्या, ही पद्धत आली आहे. फ्रेंच प्रीसिस चाचणीत आठ वर्षांनी मूळपेशींच्या गटात ६७ टक्के रुग्णांचा आजार काबूत होता, रेडिएशनच्या गटात ३९. एकूण आयुर्मान मात्र जवळपास सारखं राहिलं. २०२२ च्या अखेरीस मांडलेल्या आयईएलएसजी४३ मध्ये हीच पद्धत साध्या केमोशी ताडून पाहिली. तीन वर्षांनी हयात ८६ विरुद्ध ७१ टक्के.

इथली जबर केमो थायोटेपाची हवी, अंगातल्या लिम्फोमाला वापरतात ती बीमची पद्धत मेंदूत तोकडी पडते. थायोटेपा घामातून बाहेर येतं आणि काखेत, जांघेत, चिकटपट्टीखाली कातडी भाजल्यासारखी काळी पडते. म्हणून औषध चालू असताना आणि नंतर ४८ तास दिवसातून दोन ते चार वेळा आंघोळ, प्रत्येक वेळी चादर आणि कपडे बदलणं, आणि तेल, क्रीम, पावडर यांतलं काहीही नाही. प्लेटलेट खाली असलेल्या, थकलेल्या माणसाला रात्री उठवून आंघोळ घालणं कुणालाच आवडत नाही, पण कारण सांगितलं की घरचे स्वतःहून करतात.

गेल्या पंधरा वर्षांत या पेशी आतून कशा चालतात हेही उलगडलं. निम्म्याहून अधिक रुग्णांत एमवायडी८८ जनुकातला एकच बदल सापडतो, २६५ व्या जागी ल्युसिनऐवजी प्रोलिन. जोडीला बरेचदा सीडी७९बी मधलाही बदल. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी मिळतात आणि पेशीला ‘वाढत राहा’ हा निरोप अखंड जात राहतो. अंडकोष आणि डोळ्यातला लिम्फोमाही याच घडणीचा. म्हणून २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही तिन्ही एका गटात आहेत, प्रतिकारशक्तीचा पहारा कमी असलेल्या जागांचे लिम्फोमा म्हणून. व्यवहारातला उपयोग असा की गाठ सुई घालण्यापलीकडच्या जागी असेल तर पाठीतल्या पाण्यात हा बदल शोधता येतो. तो सापडला आणि इंटरल्यूकिन-१० हे प्रथिनही वाढलेलं असेल तर संशय बळावतो. तोच बदल वाल्डेनस्ट्रॉम या बी पेशींच्या दुसऱ्या आजारातही असतो, हे ध्यानात ठेवून.

त्या निरोपाच्या वाटेवर बीटीके नावाचं एन्झाइम बसलेलं आहे. आजार उलटल्यावर आयब्रुटिनिब ते अडवतं. जपानने २०२० मध्ये तिराब्रुटिनिबला याच आजारासाठी मान्यता दिली. प्रतिसाद बऱ्याच जणांना मिळतो, टिकतो मात्र महिन्यांच्या हिशेबात. आयब्रुटिनिबसोबत स्टिरॉइड चालू असेल तर अ‍ॅस्परजिलस बुरशी फुप्फुसात, कधी मेंदूतही शिरते. ती रोखायला व्होरिकोनॅझोल द्यावं तर ते आयब्रुटिनिबची रक्तातली पातळी कितीतरी पट चढवतं, डोस बराच कमी करावा लागतो. आकडीसाठी फेनिटॉइन चालू असेल तर उलटं, औषध पोचण्याआधीच यकृत ते संपवतं. अशा रुग्णाला आकडीसाठी लेव्हेटिरासेटाम बरं.

कार-टी पेशींच्या (गाठीवर हल्ला करतील अशा बदलून परत सोडलेल्या टी पेशींच्या) सुरुवातीच्या बहुतेक चाचण्यांतून मेंदूतल्या लिम्फोमाचे रुग्ण वगळले होते, मेंदूवर दुष्परिणाम होतील या भीतीने. पुढच्या छोट्या अनुभवांत शिरेतून दिलेल्या पेशी मेंदूत पोचतात आणि गाठी वितळवतात हे दिसलं, आणि दुष्परिणाम धास्तावल्याइतके निघाले नाहीत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तिचं लक्ष्य सीडी१९, तेच या पेशींवरही असतं.

एचआयव्हीबाबत एवढंच सांगतो. सीडी४ पेशींची संख्या ५० च्या खाली गेल्यावर बहुधा हा आजार येतो, जवळपास नेहमी ईबी विषाणूच्या जोडीने, आणि एआरटी (एचआयव्हीची औषधं) सुरू करणं हा उपचाराचाच भाग आहे. त्यातलं डोल्युटेग्रॅव्हिर क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढवतं, किडनी न बिघडवता. मेथोट्रेक्सेटचा डोस ठरवताना त्या आकड्याला घाबरून औषध कापू नये, सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी चाचणी करून खात्री करावी.

उरला डोळा. मेंदूत आजार सापडतो तेव्हा १५-२० टक्के रुग्णांच्या डोळ्यातही पेशी असतात, आणि काहींत सुरुवातच तिथे होते. धूसर दिसतं, तरंगणारे ठिपके दिसतात, दुखत नाही, डोळा लालही होत नाही. युव्हिआयटिस (डोळ्याच्या आतला दाह) म्हणून स्टिरॉइडचे थेंब, मग गोळ्या, मग डोळ्यामागे इंजेक्शन, आणि दर वेळी थोडा फरक पडून पुन्हा तेच. पन्नाशीपुढच्या माणसाचा दोन्ही डोळ्यांतला ‘युव्हिआयटिस’ असा महिनोन्‌महिने हटत नसेल, तर स्टिरॉइड शक्यतो दोन आठवडे बंद ठेवून डोळ्यातला द्रव काढावा. त्यात इंटरल्यूकिन-१० चं प्रमाण इंटरल्यूकिन-६ पेक्षा जास्त आलं तर लिम्फोमाचा संशय पक्का धरायचा. नमुना काढण्याआधी लॅबला फोन करून ठेवायचा, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट वाट बघत असेल, आणि त्याच आठवड्यात डोक्याचा एमआरआय, तक्रार नसली तरी.